एजंटाला पैसे कोण देतो?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कंत्राटी भरतीचा वाद दर काही महिन्यांनी पेटतो आणि प्रत्येक वेळी इंग्लंडला साक्षीदार म्हणून उभे केले जाते. या खेपेस निमित्त झाले बहिणीच्या मुलाचे. चाकणच्या एका कारखान्यात तो अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काम करतो, मध्ये काही दिवसांचा सक्तीचा खंड पडतो आणि पगार कारखान्याऐवजी मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार देतो. ‘यंदाही कायम करतील असे वाटत नाही’ एवढेच त्याने लिहिले होते. त्यावर माझ्या थोरल्या मावसभावाने त्याला सुनावले, ‘तुझा मामा विलायतेत कंत्राटीच आहे, तो कधी रडतो का? तुम्हालाच कायम नोकरीचे डोहाळे!’ दादा स्वतः 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी राज्य सरकारच्या सेवेत लागला, त्यामुळे जुने निवृत्तिवेतन दरमहा त्याच्या खात्यात बिनबोभाट जमा होते, हे त्या गटावर कोणी लिहिले नाही. मीही लिहिले नाही.

मी कंत्राटी आहे, हे खरे. रेडिंगमध्ये सॉफ्टवेअर चाचणीचे काम करतो, सहा महिन्यांचा करार असतो, पुढचा मिळेल याची हमी नसते. पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कायम सहकाऱ्याहून माझा दिवसाचा दर बराच जास्त आहे, कारण रजा, आजारपण आणि दोन करारांमधले रिकामे महिने यांची किंमत त्या दरात धरलेली असते. भाच्याच्या बाबतीत हिशेब नेमका उलटा आहे: त्याच लाइनवर, तेच काम, कायम कामगाराहून कमी पगार, आणि वर अस्थिरता फुकट. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली पंजाबच्या प्रकरणात दिला होता. खासगी कारखान्याच्या फाटकाशी त्या तत्त्वाची आठवण कोणाला होते, हे भाचाच सांगू शकेल.

आता इथले एजंट. त्यांच्यात साधुसंत असतात असा कोणाचा समज असेल तर तो मी आनंदाने दूर करीन. सकाळी फोन येतो, समोरचा तरुण माझे नाव तिसऱ्या प्रयत्नातही नीट उच्चारत नाही, आणि एका दमात विचारतो: दर काय, कधीपासून मोकळे आहात, इनसाइड चालेल का, एससी आहे का? इनसाइड म्हणजे पगारदाराप्रमाणे कर कापला जाणारे काम आणि एससी म्हणजे सरकारी सुरक्षा मंजुरी. ती स्वतःहून मागता येत नाही, तिच्यासाठी काम देणारी संस्था पुरस्कर्ती लागते. म्हणजे मंजुरीशिवाय काम नाही आणि कामाशिवाय मंजुरी नाही. अपवाद वगळता अशी पूर्वअट घालू नये, असे सरकारचेच मार्गदर्शन आहे, तरी जाहिरातींत ती अट राजरोस असते. पुढची मागणी असते ती दोन संदर्भांची, तीही मुलाखतीचा पत्ता नसताना. पुष्कळदा त्या संदर्भांचा उपयोग एवढाच होतो, की माझ्या जुन्या व्यवस्थापकांना फोन करून ‘तुम्हाला माणसे हवीत का’ असे विचारता यावे. मग ‘फक्त आम्हीच तुमचे नाव पाठवू’ अशा संमतीचा ईमेल मागितला जातो, आणि त्याच्या पाठोपाठ 2003 च्या एजन्सी नियमांतून बाहेर पडण्याचा कागद सहीसाठी येतो. या नियमांनुसार, टाइमशीटवर ग्राहकाची सही नाही या सबबीवर एजंटाला माझे पैसे अडवता येत नाहीत. सही केली की हे संरक्षण गेले. ही सही कामाची पूर्वअट करता येत नाही, असे त्याच नियमांत लिहिले आहे, म्हणून एजंट तिला पूर्वअट म्हणत नाही, ‘आमची नेहमीची पद्धत’ म्हणतो.

एप्रिल 2021 पासून मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांना आयआर 35 या करनियमाखाली कंत्राटी माणसाचा करदर्जा, म्हणजे करापुरता तो नोकर की स्वतंत्र, हे स्वतः ठरवावे लागते. अनेकांनी ती डोकेदुखी टाळण्यासाठी सरसकट अम्ब्रेला कंपनीची, म्हणजे कागदोपत्री मालक होऊन पगार देणाऱ्या मध्यस्थ कंपनीची, सक्ती केली. तेव्हापासून जाहिरातीतल्या रोजच्या 500 पौंडांतून आधी मालकाच्या वाट्याचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता, अप्रेंटिसशिपची लेव्ही (प्रशिक्षणार्थींसाठी मालकांवर बसणारा कर) आणि अम्ब्रेलाचा मोबदला वजा होतो, आणि जे उरते त्याला माझा पगार म्हणतात व त्यावर माझा कर बसतो. मालकाचा हप्ता मीच भरतो, हे मी दादाला अनेकदा सांगितले आहे. त्याला ते खोटे वाटते.

एवढे सगळे असूनही माझे म्हणणे दादापेक्षा वेगळे आहे, ते एका गोष्टीमुळे. काम शोधून दिल्याबद्दल एजंटाने उमेदवाराकडून पैसे घेणे या देशात 1973 च्या कायद्याने, मनोरंजनक्षेत्रासारखे थोडे अपवाद सोडता, बेकायदा आहे. त्याचा मोबदला कंपनी देते. तो त्यात किती कापतो हे मला बहुधा कळत नाही, पण हात माझ्या खिशात घालत नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला, तेव्हा आमच्या गटावर सुरुवात कोणत्या पक्षाने केली यावर आठवडाभर घमासान झाले. एजन्सी मुलांकडून काय घेईल, पगारातून किती कापेल, पावती देईल का, हे कोणी विचारले नाही. मी विचारले तेव्हा ‘तिकडे बसून सल्ले देणे सोपे असते’ हे ठरलेले उत्तर मिळाले. इथे दोन दशके कर भरणाऱ्या माणसाला हे वाक्य वर्षातून किती वेळा ऐकावे लागते, याची गटाला कल्पना नसावी.

भाच्याने मात्र मला खासगीत विचारले, ‘मामा, तिकडे यायचे तर एजंट किती घेतो?’ त्यावर माझ्या 1973 च्या कायद्याची पंचाईत झाली. केअर व्हिसाच्या, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करण्याच्या कामासाठीच्या व्हिसाच्या, नावाखाली भारतातल्या मध्यस्थांनी कर्जबाजारी माणसांकडून लाखो रुपये उकळले, ते याच ब्रिटनमधल्या नोकऱ्यांसाठी. जुलै 2025 मध्ये त्या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद झाली, पैसे परत मिळालेले थोडे. मी त्याला पैसे मागणाऱ्या कोणाच्याही दारात जाऊ नकोस असे बजावले. त्याने ‘बरं’ म्हटले, पण त्याचे समाधान झाल्यासारखे वाटले नाही.

त्याला आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. मी कंत्राटात उडी घेतली ती आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना, हातात पडल्यावर. तोपर्यंतची वर्षे मी एका कंपनीच्या कायम नोकरीत, तिच्याच प्रायोजनावर, मान खाली घालून काढली, कारण त्या व्हिसावर कंत्राटाची मुभाच नव्हती आणि नोकरी गेली तर देश सोडावा लागला असता. दादा माझ्या ज्या बिनधास्तपणाचे दाखले देतो, तो राहण्याचा हक्क पक्का झाल्यानंतरचा आहे.

आणि गेल्या महिन्यात मुदतवाढीच्या वेळी एजंटाने ‘ग्राहकाने सर्वांचेच दर दहा टक्क्यांनी कमी केले आहेत’ असे कळवले, तेव्हा मी सही केली आणि त्याच आठवड्यात इथल्या एका कौन्सिलमधल्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेतल्या, कायम पदासाठी अर्ज भरला. पगार आजच्यापेक्षा बराच कमी आहे, पण स्थानिक सरकारी निवृत्तिवेतन योजना लागू होते आणि तिच्यात रक्कम शेअर बाजारावर नव्हे, पगार आणि सेवेच्या वर्षांवर ठरते. मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. दादाला मी अजून कळवलेले नाही.