ऑनर्सचा मान आमच्याकडे तरी दिसला नाही

चार वर्षांच्या ऑनर्स पदवीवरच्या लेखातलं ‘ऑनर्स म्हटलं की मुलांना आपोआप मान मिळतो’ हे वाक्य वाचून हसूच आलं. माझी धाकटी बहीण २०२१ च्या बॅचची, म्हणजे कर्नाटकात चार वर्षांच्या पदवीची पहिलीच. रोज खानापूरहून सातच्या बसने बेळगावला. चौथ्या वर्षाला वर्गात उरले पाच जण, आणि २०२४ ला सरकारने परत तीन वर्षांची पदवी आणली!

आता मुलाखतीत विचारतात, ‘चार वर्षं का लागली? नापास झालीस काय?’ मग ती पिशवीतून प्रोजेक्टची बाइंड केलेली प्रत काढते. विषय आमच्याकडची भातशेती. शेतकऱ्यांशी बोलणं सगळं मराठीत, अहवाल इंग्रजीत. ते उतरवताना काढलेल्या रात्री मी बघितल्यात. साहेब मुखपृष्ठ बघून परत देतात. पलीकडे महाराष्ट्रात हीच पदवी चालू आहे म्हणे.