निकॉनने क्रॉप सेन्सर कधी संपवला?

फ्लेमिंगोंचा मोसम आला की ठाणे-नवी मुंबईच्या फोटोग्राफी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मजकूर साधारण असा : "निकॉनने २००७ साली डी३ आणला आणि क्रॉप सेन्सर हा निव्वळ नाइलाज होता हे मान्य केलं. त्या दिवशी क्रॉप संपला. डीएक्स लेन्स भंगारात गेल्या. फुल-फ्रेमला प्रकाश दुपटीने मिळतो. ऐरोलीला बोटीत बसायचं तर फुल-फ्रेमच हवा." खाली अंगठ्यांची रांग. (फुल-फ्रेम म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर; क्रॉप म्हणजे त्याहून लहान. निकॉन या लहान आकाराला, आणि त्यासाठी बनवलेल्या लेन्सना, डीएक्स म्हणते.) यंदा आमच्या ग्रुपातला एक कॉलेजचा पोरगा हे वाचून हप्त्यावर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यायला निघाला, म्हणून लिहायला बसलो.

"त्या दिवशी क्रॉप संपला." तो दिवस २३ ऑगस्ट २००७. त्या दिवशी निकॉनने एक नाही, दोन बॉडी जाहीर केल्या. डी३, म्हणजे त्यांचा पहिला फुल-फ्रेम डिजिटल, आणि डी३००, म्हणजे १२.३ मेगापिक्सेलचा क्रॉप. ५१ पॉइंटांचा नवा ऑटोफोकस दोघांनाही दिला. जे बंदच करायचंय त्यात कोणी घरातला सगळ्यात भारी फोकस घालत नाही. वर गंमत अशी की तेच पॉइंट डी३०० मध्ये चौकटीच्या बऱ्याच भागावर पसरतात आणि डी३ मध्ये मधोमध गोळा होतात. उडत्या थव्यामागे कॅमेरा फिरवून बघा, कुठलं बरं ते हाताला कळेल. पुढे जानेवारी २०१६ मध्ये फुल-फ्रेम डी५ सोबत डी५०० आला. तोही क्रॉप, सेकंदाला १० फ्रेम. संपलेल्या घराण्यात आठ वर्षांनी पाळणा हलला म्हणायचा!

"नाइलाज होता" हे मात्र अर्धं खरं आहे. १९९९ च्या डी१ पासून आठ वर्षं निकॉनचे सगळे डिजिटल एसएलआर (लेन्स बदलता येणारे, आत आरसा असलेले कॅमेरे) डीएक्सच होते, आणि कॅननने फुल-फ्रेम १डीएस २००२ मध्येच आणला होता. इतकंच काय, निकॉनच्या लेन्स बसणारी फुल-फ्रेम डिजिटल बॉडीसुद्धा आधी कोडॅकने विकली. अडचण होती खर्चाची. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर क्षेत्रफळात डीएक्सच्या सुमारे २.३ पट. सिलिकॉनच्या एका चकतीतून असे तुकडे कमी निघतात, आणि चकतीवर कुठे दोष निघाला तर वाया जाणारा तुकडाही मोठा. त्यामुळे किंमत क्षेत्रफळापेक्षा जास्त वेगाने चढते. हे गणित २००७ नंतर सुसह्य झालं, गायब झालं नाही.

लेन्स भंगारात? डी३ ला डीएक्स लेन्स लावली की कॅमेरा आपणहून मधला भाग वापरतो. फोटो ५ मेगापिक्सेलच्या आसपास येतो, हे नुकसान आहेच, पण लेन्स चालते. कॅननच्या ईएफ-एस (म्हणजे क्रॉपसाठीच्या) लेन्स त्यांच्या फुल-फ्रेम एसएलआर बॉडीवर बसत नाहीत, कदाचित मेसेजवाल्यांनी तिथली गोष्ट इथे चिकटवली असेल. खरा फायदा त्यांनी लिहिलाच नाही. फिल्मच्या काळातली २४ एमएमची रुंद लेन्स डीएक्सवर कडा कापल्या गेल्याने ३६ सारखी दिसायची, ती पुन्हा २४ झाली. लग्नाच्या अरुंद हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून तीस माणसांचा ग्रुप फोटो काढणाऱ्याला विचारा त्याची किंमत.

आता प्रकाश. एफ/४ (लेन्स किती उघडी आहे त्याचा आकडा) म्हणजे एफ/४. सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश दोन्हीकडे सारखाच, एक्स्पोजरही तेच. मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त गोळा होतो आणि नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, स्टॉपभर (प्रकाशाच्या एका दुपटीइतका) किंवा त्याहून थोडा जास्तच कमी दिसतो, पण तो केव्हा? तुमचा विषय त्या मोठ्या चौकटीतही तेवढीच जागा भरत असेल तेव्हा. गडकरी रंगायतनमध्ये प्रयोग टिपताना हे जमतं. पुढची रांग मिळते, फ्लॅश बंद असतो, नट नेमका अंधाराकडे सरकतो. डी३ चा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) नेहमीच्या पल्ल्यातच ६४०० पर्यंत जायचा, ताणला तर २५,६००. नाटकवाल्यांनी तो उचलून धरला असेल तर त्यांचं काहीच चुकलं नाही.

ऐरोलीच्या खाडीत पुढची रांग नसते. भरती-ओहोटी बघून बोट सुटते, आणि चिखलात रुतू नये, थवा उठू नये म्हणून नावाडी लांबच थांबवतो. समजा, ९० सेंटिमीटर उंचीचा छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) ६० मीटरवर उभा आहे आणि तुमच्याकडे ३०० एमएम लेन्स आहे. सेन्सरवर त्याची प्रतिमा साडेचार मिलिमीटरची पडते. सेन्सर कुठलाही असो, साडेचारच. डी३०० वर त्यात सुमारे ८२० पिक्सेल बसतात, डी३ वर जेमतेम ५३०. चोचीची गडद टोकं, पिसांवरचा गुलाबी, सगळं त्यातच मावायचं. बाकीच्या चौकटीत चिखल आणि मागचे टॉवर येतात, ते घरी येऊन कापायचेच असतात. म्हणजे मेसेजवाले ज्या कॅमेऱ्याच्या नावाने शपथा घेतात, तोच त्यांच्या पक्ष्याला कमी पिक्सेल देतो. इथे पैसे घालायचे तर लांब लेन्समध्ये. निकॉनची २००-५०० एमएम एफ/५.६ एखाद्या क्रॉप बॉडीवर लावा, मुंबईच्या बोरा बाजारात सेकंडहँड मिळाली तरी चालेल.

यावर लगेच कोणीतरी निकॉनचाच फुल-फ्रेम डी८५० पुढे करेल. ४५.७ मेगापिक्सेल, कितीही कापा! अगदी बरोबर. डीएक्स मोडमध्ये (सेन्सरचा फक्त मधला भाग) त्याचे १९.४ मेगापिक्सेल उरतात, जवळजवळ डी५०० इतकेच. आमच्या बोटीत ज्यांच्याकडे तो आहे, ते थवा दिसला की पहिल्यांदा डीएक्स मोडच लावतात.