‘उन्हाळीच आहे, सोडा घ्या’ या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या, भिशीच्या, भजनी मंडळाच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: लघवीला जळजळ म्हणजे उन्हाळी, म्हणजेच अंगातली उष्णता, दुसरं काही नाही. चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यातून दिवसातून तीनदा घ्या. सार्वजनिक शौचालयातून लागण होते, तेव्हा बाहेर असताना जाणं टाळा. तो भाग सुगंधी किंवा जंतुनाशक वॉशने धुवा. तरी थांबलं नाही तर मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणा. डॉक्टरकडे पळायची गरज नाही.

मी सदाशिव पेठेत औषधाचं दुकान चालवते. परवा दुपारी लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एक काकू आल्या. काउंटरवर दोन पुरुष होते, त्यांना ‘तुमचं होऊ द्या’ म्हणत त्यांनी पुढे जाऊ दिलं. दुकान रिकामं झाल्यावर तोंडावरचा स्कार्फ न सोडता मोबाइल माझ्यापुढे धरला आणि सोड्याच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘ताई, चमचा म्हणजे कुठला, चहाचा की पोह्याचा?’ त्रासाचा चौथा दिवस होता. आणि रक्तदाबाची गोळी त्या दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात.

म्हणून हे उत्तर.

आधी उष्णतेचं. हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना पटतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, घाम खूप जातो, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात, लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. अशी दाट लघवी जाताना झोंबते. आपल्या आज्यांनी यालाच उन्हाळी लागणं म्हटलं. माठातलं पाणी, ताक, कोकम सरबत, धने-जिऱ्याचं पाणी हे सगळं यावर चांगलं आहे, मीही पिते. भरपूर प्यायलं की एखाद्या दिवसात रंग फिका होतो आणि जळजळ जाते.

पण रंग फिका झाला आणि जळजळ तशीच राहिली तर? दर दहा मिनिटांनी लागतंय, गेलं की थेंबभर होतंय, शेवटी कळ येतेय, ओटीपोट दुखतंय, लघवी गढूळ आहे, तर ती बहुधा उन्हाळी नसते. तो जंतुसंसर्ग असतो आणि तो जानेवारीतही होतो. बहुतेक वेळा ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो, आपल्याच आतड्यातला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाचा साधारण २० सेंटिमीटर, म्हणून बायकांमध्ये तो मूत्राशयापर्यंत सहज पोचतो. शौचानंतर पुढून मागे धुवायचं ते यासाठीच. याशिवाय खडा असू शकतो, बुरशी असू शकते. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली त्वचा कोरडी, नाजूक होते, त्यानेही आग होते; त्यावर लावायचं वेगळं क्रीम असतं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्या घेणाऱ्यांना बाहेरच्या भागात बुरशीचा त्रास होतो. एवढ्या सगळ्याला ‘उष्णता’ म्हणून कसं चालेल?

सोड्याचं गणित तर सरळ आहे. चहाच्या एका सपाट चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. तीनदा घेतला की पावणेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून २ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. काकूंना रक्तदाब आहे, पोह्याच्या चमच्याने मोजलं असतं तर काय झालं असतं, विचार करा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला हे थेट धोक्याचं आहे. जळजळीवर सिट्रेटचं सिरप आम्ही देतो, त्याने लघवीची आम्लता कमी होऊन आराम पडतो. पण त्यातही बहुधा सोडियमच असतं, आणि त्याने जंतू मरत नाहीत, फक्त आग कळेनाशी होते. चार दिवस आग कळली नाही की तपासणीही चार दिवस लांबते.

आता शौचालयाचं, कारण या मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान मला इथे दिसतं. शौचालयाच्या सीटवरून मूत्रमार्गाचा संसर्ग होणं फार दुर्मीळ. जंतू आपलेच असतात, सीटवरचे नाहीत. त्रास होतो तो न जाण्याने. काकू सकाळी साडेनऊला घर सोडतात, दिवसभर उभ्या असतात, आणि घरी जाईपर्यंत पाण्याचा घोटच घेत नाहीत, म्हणजे जावंच लागणार नाही. तुळशीबागेत खरेदीला आलेल्या बायकाही हेच करतात, स्कूटरवरून हिंजवडीला जाणाऱ्या मुलीही हेच करतात. लघवी तुंबून राहिली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. एरवी ते प्रत्येक वेळी धुऊन निघाले असते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. (ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र विचारल्याशिवाय वाढवू नये.)

काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘पण मालकांना काय सांगू, सारखी कुठे जाते म्हणून?’ मला अजून राग येतो या प्रश्नाचा. काकूंचा नाही. गजबजलेल्या बाजारपेठेत बाईमाणसाला स्वच्छ, पाणी असलेली जागा सापडत नाही, आणि वर मेसेज सांगतो, जाऊच नका.

सुगंधी वॉश आणि जंतुनाशकाचं एका ओळीत: साधं पाणी पुरतं, बाकी सगळ्याने तिथली त्वचा आणखी चिडते.

राहिल्या चार गोळ्या. काउंटरवर ‘ती लघवीची गोळी द्या’ म्हणून रोज कोणी ना कोणी येतं, आणि मी चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं होतं. चार हा आकडा कुठून आला? काही औषधांचा एकच डोस असतो, काही पाच दिवस घ्यायची असतात, ते जंतूवर आणि माणसावर ठरतं. नॉरफ्लॉक्सॅसिन पूर्वी सर्रास दिलं जायचं, आता आपल्याकडचे कितीतरी ई. कोलाय त्याला दाद देत नाहीत. बुरशी असेल तर अँटिबायोटिकने ती वाढते. आणि गोळी आधी घेतली की कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीत, बरेचदा जंतू उगवतच नाही, मग डॉक्टरही अंदाजावर.

काकूंना मी सोडा सांगितला नाही, निर्जंतुक डबी दिली. आधी पाण्याने धुवायचं, सुरुवातीची धार सोडून मधली डबीत घ्यायची, तासाभरात लॅबला पोचवायची, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. त्यांना ताप नव्हता, म्हणून त्या संध्याकाळी डॉक्टरकडे गेल्या तरी चाललं. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं, उलट्या, लघवीतून रक्त, यातलं काहीही असेल, किंवा त्रास गरोदर बाईला, लहान मुलाला, पुरुषाला, मधुमेह्याला होत असेल, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका, त्याच दिवशी दाखवा. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागलं आणि ताप असेल, तरीही.