तुटलेल्या स्टडवर वेल्डिंग हा उपाय नव्हे

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला तेव्हा त्याची पिकअप नारायणगावात एका वेल्डिंगच्या दुकानासमोर जॅकवर उभी होती. मागच्या डाव्या चाकाच्या पाच स्टडपैकी, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागातून) बाहेर आलेल्या आणि नटाने चाक आवळून धरणाऱ्या आट्यांच्या दांड्यांपैकी, एक तुटला होता आणि त्याच रात्री टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाटाने वाशीला जायचे होते. "मामा, सगळ्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर हा व्हिडिओ फिरतोय, पन्नास रुपयांत काम होतं म्हणे," असे सांगून त्याने तो मलाही पाठवला. आयटीआयमध्ये इतकी वर्षे मुलांना आटे पाडायला शिकवल्यानंतर तो शांतपणे पाहणे मला जमले नाही. त्यात ठासून सांगितले आहे की एक स्टड तुटला तरी उरलेले चार पुरतात. तुटलेल्या बुडख्यावर बोल्ट वेल्ड केला की तो नव्यासारखा होतो. बाकीच्या नटांना ग्रीस लावून, पान्याला पाईप घालून, त्यावर उभे राहून ते आवळावेत. स्टड तुटतो तो निव्वळ हलक्या प्रतीच्या बनावटीमुळे. आणि नवा बसवायचाच असेल तर तो घरीही बसतो.

यांतला वेल्डिंगचा सल्ला सर्वांत घातक आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. चाकाचा स्टड म्हणजे साधी लोखंडी सळई नव्हे. बहुतेक स्टड 10.9 या वर्गाचे असतात. त्यातला पहिला आकडा सांगतो की हे पोलाद दर चौरस मिलिमीटरला 1000 न्यूटन, म्हणजे सुमारे 100 किलो ओढ सहन करते, आणि दुसरा सांगतो की त्यातल्या 90 टक्क्यांपर्यंत ताणले तरी ते मूळ लांबीवर परत येते. हे बळ पोलादाला पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, आणि नंतर ठरावीक उष्णतेवर पुन्हा तापवून आणलेले असते. आयएस 1367 या भारतीय मानकाचा तिसरा भाग आयएसओ 898-1 या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेला आहे, आणि 10.9 वर्गासाठी हे दुसरे तापवणे किमान 425 अंश सेल्सिअसला व्हावे असे त्यात नमूद आहे. वेल्डिंगच्या जागी पोलाद वितळते, म्हणजे तापमान 1500 अंशांच्या घरात जाते. तिथून ते झपाट्याने निवते तिथे काचेसारखे ठिसूळ होते, आणि त्याच्या शेजारी जिथे नुसते तापते तिथे त्याचे पाणी उतरून ते मऊ पडते. एकाच स्टडमध्ये बोटभर अंतरावर ठिसूळ आणि मऊ असे दोन भाग तयार झाल्यावर तो घाटाच्या वळणावर किती टिकेल, याचा विचार तो व्हिडिओ बनवणाऱ्याने केलेला नाही. शिवाय हाताने वेल्ड केलेला बोल्ट हबला काटकोनात बसणे कठीण असते, आणि तो जरा जरी कलला तरी नटाचे निमुळते तोंड रिमच्या भोकात एकाच बाजूने टेकते. वेल्डिंगची अर्थिंगची तार भलत्या ठिकाणी लावली तर करंट बेअरिंगमधून जाऊन तिच्या गोळ्यांवर खड्डे पडतात, आणि उष्णतेने आतले रबरी सील जळते ते निराळेच.

ग्रीस आणि पाईप यांची जोडीही तितकीच वाईट आहे. चाक हबला धरून ठेवते ते स्टडच्या ताणामुळे निर्माण होणारी दाबाची पकड. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा रिमला हबवर दाबून धरतो. कोरड्या आट्यांवर आवळताना आपल्या जोराचा बहुतांश, ढोबळमानाने दहात नऊ भाग, घर्षणातच खर्च होतो आणि जेमतेम दहावा भाग स्टडला ताणतो. ग्रीसने घर्षण कमी झाले की तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. त्यावर एक मीटरच्या पाईपच्या टोकाला 70 किलोचा माणूस उभा राहिला तर सुमारे 690 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, पडतो. अशा पिकअपच्या पुस्तिकेत तो साधारण 100 ते 200 च्या दरम्यान दिलेला असतो. म्हणजे एका तुटलेल्या स्टडपायी उरलेले चारही खराब करून ठेवायचे.

चार स्टड पुरतात, या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. गाडी रिकामी असेल, बाकीचे नट नीट आवळलेले असतील, तर हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. पण पाच स्टड एकमेकांपासून 72 अंशांवर असतात. एक गेला की 144 अंशांचा पट्टा मोकळा राहतो, एकूण पकड पाचव्या हिश्शाने घटते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला शेजारच्या दोन स्टडवर जादा ताण येतो. भरलेली गाडी घाटात घालायला ही मुभा नाही, आणि दोन तुटले असतील तर गाडी जागची हलवूच नये.

हलक्या बनावटीचे म्हणाल, तर भाच्याने आणलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग मळकट, गंजलेला होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक रेषा एकामागे एक उमटल्या होत्या; उरलेला भाग खरबरीत आणि चकचकीत होता. याचा अर्थ तो स्टड त्या दिवशी अचानक तुटलेला नाही. त्याला आधीच तडा गेला होता आणि तो थोडाथोडा वाढत होता. असे बहुधा नट सैल राहिल्याने होते. रिमवर त्या भोकाखाली गंजाचा तांबूस ओघळही दिसत होता, म्हणजे खूण डोळ्यांसमोर होती. मूळ कारण न शोधता नुसता स्टड बदलला तर पुढचाही असाच जाईल.

नवा स्टड घरी बसवता येतो, हे बरोबर आहे. ब्रेकचा ड्रम काढून, बेअरिंगला मार बसणार नाही असा हबला मागून आधार देऊन जुना बुडखा ठोकून बाहेर काढावा, त्याच जाडीचा, लांबीचा आणि आट्यांचा नवा स्टड मागून घालावा आणि वॉशर लावून जुन्या नटाने हळूहळू ओढून घ्यावा. त्याचे डोके हबला पूर्ण टेकलेच पाहिजे. दाबून बसवणारा प्रेस मिळाला तर उत्तमच. जड वाहनांच्या देखभालीत रूढ असलेला नियम मी इथेही पाळतो: एक तुटला तर त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांसह तीन बदलायचे, दोन तुटले तर सगळेच.

भाच्याचे क्रेट त्या रात्री दुसऱ्याच्या गाडीतून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन स्टड बदलले, रिम आणि हब यांच्यामधला गंज तारेच्या ब्रशने घासून काढला आणि नट कोरडेच ठेवून, समोरासमोरच्या क्रमाने, ठरलेला टॉर्क दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले. ऐंशी किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायला त्याला बजावले होते. त्याने लावला, तेव्हा एक नट पाव फेरा फिरला.