दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: चिलखताचे खांदे लहान का केले

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. कॉस्प्ले इव्हेंटच्या (जिथे लोक गेममधल्या पात्रांचे पोशाख घालून येतात) दिवशी तुमचा हिरमोड झाला याचं मनापासून वाईट वाटतं. आम्ही करून दिलेलं फोमचं चिलखत ठरल्यापेक्षा उशिरा तुमच्या हातात पडलं, त्याबद्दल माफी मागते. दोन स्टार द्यायचे की पाच, हा तुमचा हक्क आहे. पण त्यातल्या एका वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ते वाचून उद्या दुसरं कुणीतरी आमच्याकडे ऑर्डर द्यायचं थांबेल.

तुम्ही लिहिलंय, "गेममध्ये खांदे केवढे मोठे आहेत, यांनी मटेरियल वाचवायला अर्धे करून टाकले. दोन्ही खांदे एकसारखे पण नाहीत. छाती गेमपेक्षा जाड, हेल्मेट दुसऱ्या दिवशी वाकडं. १८,५०० रुपयांत फोमचं खेळणं."

बाकीचं मी ऐकून घेईन. "मटेरियल वाचवायला" हे मात्र फार लागलं. आमचं घर आधीपासून ड्रेपरीच्या धंद्यात आहे. ऐतिहासिक नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, शिवजयंतीच्या मिरवणुका, सगळीकडे आमचे कपडे जातात. माझ्या सासऱ्यांनी सुतळी विणून, त्यावर चंदेरी रंगाचे हात देऊन चिलखतं केली आणि ती पहिल्या रांगेतूनसुद्धा लोखंडी वाटायची. त्या घरात फोमच्या एका शीटसाठी कुणी हात आखडता घेत नाही.

आता खांद्यांविषयी. तुमच्या पहिल्या मेसेजमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममधल्या वॉरियरच्या, म्हणजे लढवय्याच्या, रॅथ नावाच्या चिलखत-सेटचे स्क्रीनशॉट होते आणि खाली लिहिलं होतं, "ताई, डिट्टो हाच पाहिजे." तो सेट आम्हाला नवीन नाही. त्याचं हेल्मेट ऑनिक्सियाला हरवून मिळायचं, खांदे क्रोमॅगसला, छाती नेफेरियनला (हे गेममधले बलाढ्य राक्षस), आणि त्यासाठी लोक चाळीस-चाळीस जणांची रेड, म्हणजे एकत्र चढाईची टोळी, जमवायचे. माझा धाकटा भाऊ त्यातलाच, पॅटर्न तोच काढतो. आम्ही छातीचा पॅटर्न कापून बसलो आणि मग तुमचा दुसरा मेसेज आला: "कार्टूनसारखं नको, रियलिस्टिक करा. खऱ्या लढाईतलं वाटलं पाहिजे. दिवसभर घालून फिरायचंय, तलवार डोक्यावर उचलून फोटो काढायचेत." उशीर झाला तो इथे. कापलेलं सगळं बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करावी लागली आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही लावले नाहीत.

दादा, डिट्टो आणि रियलिस्टिक या दोन्ही गोष्टी एकाच अंगावर पूर्णपणे बसत नाहीत. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा घाईत राहिलं असेल, म्हणून इथे सविस्तर सांगते.

हा गेम २००४ साली आला. कॅमेरा पाठीमागे, थोडा वर. आपला वॉरियर स्क्रीनवर अंगठ्याएवढा दिसतो. चाळीस जणांच्या गर्दीत कोण वॉरियर आणि कोण प्रीस्ट (पुजारी) हे नुसत्या आकारावरून कळायला हवं. त्यात तेव्हाच्या कॉम्प्युटरना झेपेल एवढंच मॉडेल ठेवायचं. म्हणून छाती, हात, मांड्या यांवरचा पत्रा हा बहुतेक ठिकाणी शरीरावर रंगवलेलं चित्रच असतो. खरोखर वेगळी बसवलेली वस्तू म्हणजे हेल्मेट, खांदे आणि हातातली शस्त्रं. सगळा रुबाब खांद्यांनाच पेलावा लागतो, म्हणून ते एवढे मोठे. तोच खांदा बुटक्या नोमवर बसतो, ह्युमनवर (माणसावर) बसतो आणि बैलासारख्या धिप्पाड टॉरेनवरही बसतो, फक्त लहानमोठा होतो. मला ही कल्पना फार आवडते. त्या कलाकारांनी स्क्रीनसाठी काम केलं आणि ते चोख केलं.

छाती "गेमपेक्षा जाड" का, याचंही उत्तर यातच आहे. गेममध्ये तिला जाडीच नाही. ती आम्हाला सावल्या बघून, अंदाज बांधून द्यावी लागते. नाहीतर टी-शर्टवर छापल्यासारखी दिसली असती.

आणि गेममधला वॉरियर तलवार उचलतो तेव्हा काय होतं, ते एकदा थांबवून बघा. खांद्याचा पत्रा सरळ गालातून आत शिरतो आणि हेल्मेटमधून बाहेर येतो. त्याला क्लिपिंग म्हणतात, खेळणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या अंगावर तो फोम कुठून जाणार? तुम्ही दिलेल्या मापांवर आम्ही गेमच्या प्रमाणात खांदे काढून बघितले. या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंदी सव्वा मीटरच्या जवळ जात होती. इव्हेंटच्या दारात मेटल डिटेक्टरची जी चौकट असते, ती आतून साधारण पाऊण मीटर. दिवसभर तिरकं होऊन फिरावं लागलं असतं. शिवाय एवढा खांदा बाहेरच्या बाजूला ओढ घेतो, आतला पट्टा मानेला काचतो आणि तासाभरात माणूस ते काढून हातात धरतो. इव्हेंटमध्ये हे मी कितीतरी पोरांचं बघितलंय. कोपर खांद्याएवढं वर गेलं की कड हेल्मेटला अडते, मग तलवार डोक्यावर उचलायची कशी? तुम्हाला तर तोच फोटो हवा होता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या मेसेजप्रमाणे आम्ही खऱ्या चिलखताकडे गेलो. युरोपात पंधराव्या शतकात लढाईसाठी जो पूर्ण पोलादी साज असायचा, त्याचं वजन साधारण १५ ते २५ किलो. ते सगळ्या अंगावर वाटलेलं असायचं, म्हणून घालणारा पळू शकायचा, घोड्यावर चढू शकायचा. खांद्याला एकच मोठा पत्रा नसे. एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या असत आणि हात वर गेला की त्या एकमेकींखाली जात. छातीचा पत्रा मधे फुगीर, वार घसरून बाजूला जावा म्हणून. गेममध्ये खांद्यांवर जे काटे आणि उभ्या कडा असतात, त्या खऱ्या लढाईत उलट्या पडतील, घसरणारं पातं त्यांच्यातच अडकून मानेकडे वळेल. (मुलींच्या ऑर्डरींमध्ये हाच प्रश्न छातीचा येतो. दोन वेगळे उंचवटे केले की वार बरोबर मधल्या हाडावर येतो. तिथे मी आधीच विचारते की फोटोसाठी हवंय की खऱ्यासारखं, आणि सांगतील तसं करून देते.)

"दोन्ही खांदे एकसारखे पण नाहीत" हे वाचून माझा भाऊ गप्पच बसला. त्याचं सगळ्यात जास्त काम त्या डाव्या खांद्यात आहे. इटलीतल्या मिलानमध्ये त्या काळी घोडेस्वारांसाठी जी चिलखतं बनत, त्यात डावा खांदा मोठा आणि उजवा कापलेला असायचा, कारण उजव्या काखेत भाला धरायचा असे आणि समोरचा वार डावीकडे येई. तुम्हाला खऱ्या लढाईतलं हवं होतं. शिवाय डावा मोठा ठेवल्याने रॅथच्या खांद्यांचा भारदस्तपणा निदान एका बाजूला तरी पूर्ण आला आणि उजवा हात तलवारीला मोकळा राहिला. रंग लावण्याआधी दोन्ही खांद्यांचा शेजारी शेजारी ठेवून काढलेला फोटो तुम्हाला पाठवला होता. त्यावर तुमचा अंगठा आला आणि खाली "कडक!" आलं. ते मेसेज माझ्याकडे आहेत. ते इथे टाकणं मला बरं वाटत नाही म्हणून टाकत नाही.

मी काही फक्त खऱ्याचीच बाजू घेणारी नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आठव्या हेन्री राजाचं एक हेल्मेट आहे. सम्राट मॅक्सिमिलियनने त्याला भेट दिलेलं, इन्सब्रुकच्या कोनराड सॉइजेनहोफर या कारागिराने १५११ ते १५१४ च्या दरम्यान घडवलेलं. त्याला मेंढ्यासारखी वळलेली शिंगं आहेत, चष्मा आहे, हनुवटीवर दाढीचे खुंट कोरलेत. कुठल्याही गेममध्ये शोभेल. पण ते मिरवायचं हेल्मेट होतं, लढाईचं नव्हतं. आणि दुसऱ्या टोकाला आपलंच उदाहरण आहे. १६५९ साली प्रतापगडाखाली अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं, ही गोष्ट आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असते. ते कुणाला दिसू नये यातच त्याचं काम होतं. मिरवायचं कुठलं आणि वापरायचं कुठलं हे गिऱ्हाइकाने एकदा ठरवलं, की आम्ही त्यात जीव ओततो. दोन्ही हवं असेल तर मधे कुठेतरी थांबावं लागतं, आणि कुठे थांबलो ते आम्ही तुम्हाला विचारूनच ठरवलं होतं.

आता मटेरियल. खांदे लहान केल्याने दहा मिलिमीटरचा जो फोम वाचला, तो दोन-तीनशे रुपयांचा असेल. एकाच तुकड्याचा मोठा खांदा करणं आम्हाला सोपं होतं: कापायचा, हीट गनने वळवायचा, चिकटवायचा, रंगवायचा. त्याऐवजी प्रत्येक खांद्याला सरकत्या पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टीची कड तिरकी घासली, आतून चामड्याचे पट्टे मारले, सांधे भरून पुन्हा घासले, प्रायमरचे हात दिले, मग तांब्याचा रंग आणि वरून काळा पुसून काढला, तेव्हा ते जुन्या धातूसारखं दिसलं. १८,५०० मध्ये सगळ्यात मोठा वाटा या मजुरीचा आहे. फोम स्वस्तच असतो, ते मी कधी लपवलं नाही. फोमचं म्हणून खेळणं म्हणत असाल तर खऱ्या पोलादाचं वजन वर सांगितलंय, ते घालून एप्रिलमध्ये मुंबईत दिवसभर उभं राहणं कुणालाच झेपणार नाही.

हेल्मेटचं थोडक्यात. ते थ्रीडी प्रिंटचं आहे, पीएलए नावाच्या प्लास्टिकचं. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. तुमच्याच फोटोत ते गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेलं दिसतंय. बंद गाडीत उन्हात काचेखाली काय तापतं ते तुम्हालाही माहीत आहे. डब्यात पिवळं कार्ड होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत "उन्हात, गाडीत ठेवू नये" लिहिलेलं आहे. तरीही ते परत आणा, गरम करून जेवढं सरळ करता येईल तेवढं फुकट करून देते.

यापुढे काम सुरू करण्याआधी माप आणि रुंदी लेखी कळवायचं आम्ही ठरवतोय, आणि कार्ड आणखी मोठं करायचं बघतोय. अजूनही काही सुधारणा मनात आहेत.

हा धंदा वर्षातले मोजके महिने चालतो. इव्हेंटच्या आधीच्या ऑर्डरींवर कारागिरांचे पगार निघतात, आणि नवीन पोरं ऑर्डर देण्याआधी हे रिव्ह्यूच वाचतात. म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका.

तुम्हाला अजूनही गेमसारखे मोठे खांदे हवे असतील तर फक्त फोटोसाठी म्हणून वेगळी जोडी करून देते, मजुरी अर्धी घेईन. आत्ताचे पट्टे तसेच राहतील, मोठे खांदे त्यांच्यावर चुंबकाने बसतील. तुमच्या फोटोत डाव्या खांद्याचं बकल उलटं लावलेलं दिसतंय, म्हणून तो खाली लोंबतोय. येताना तोही आणा, कसा घालायचा ते भाऊ दाखवेल. सोमवार सोडून रोज संध्याकाळी सातपर्यंत आम्ही वर्कशॉपवर असतो. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. "मटेरियल वाचवायला" हे दोन शब्द तेवढे काढलेत तर उपकार होतील.