‘आधी बाहेरचं बघा, मग डॉक्टर’ या सल्ल्याविषयी

मराठवाड्यात घरोघरी दिला जाणारा आणि आता मोबाइलवरून फिरणारा एक सल्ला आहे: माणूस एकटाच बडबडू लागला, रात्र रात्र झोपेनासा झाला, की आधी ‘बाहेरचं’ बघावे, देवस्थानी पाच अमावास्या कराव्यात, डॉक्टरांच्या गोळ्या झोपेच्या असतात, त्यांची सवय लागते.

या सल्ल्याचा मुख्य आधार ‘अमक्याला गुण आला’ हा असतो, आणि तो अनुभव बहुधा खोटा नसतो. पाच अमावास्या म्हणजे जवळजवळ चार महिने, आणि उन्मादाचा (अतिउत्साह, सततची बडबड, झोप नाहीशी होणे या आजाराचा) झटका उपचार न करताही पुष्कळदा तेवढ्या अवधीत ओसरतो. श्रेय मात्र अंगाऱ्याला जाते, आणि पुढचा झटका आला की ‘कुणीतरी पुन्हा केलं’ असे ठरते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम-भासांचा दीर्घ आजार, असा सहसा आपोआप ओसरत नाही. उपचाराला जितका उशीर, तितका तो औषधांना कमी दाद देतो. बाळंतिणीच्या बाबतीत तर चार दिवसही फार होतात. प्रसूतीनंतर पहिल्या दोन आठवड्यांत ती अजिबात झोपत नसेल, ‘हे लेकरू माझं नाही’ म्हणत असेल, तर लिंबू-उतारा करत बसण्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. वेळेत उपचार झाले तर मात्र बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

सवयीचा आक्षेप अर्धाच खरा आहे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या देखरेखीवाचून दीर्घकाळ घेतल्यास त्यांची सवय लागते. भ्रम-भासांवरच्या किंवा नैराश्यावरच्या औषधांचे तसे व्यसन लागत नाही, पण ती मनाने एकदम बंद करू नयेत. नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि आपल्याकडे दहाव्या दिवशीच ‘काही फरक नाही’ म्हणून पाकीट फेकले जाते.

बांधून ठेवल्याशिवाय बाधा निघत नाही, हे तर बोलूच नये. तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ रुग्ण दगावले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तरीही लोक देवऋषीकडे का जातात, याचे उत्तर केवळ अंधश्रद्धा नव्हे. राज्यातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही आले नाही. देवऋषी मात्र गावातच भेटतो, सगळ्या घराचे ऐकून घेतो, आणि घाईच्या ओपीडीत नेमके तेच होत नाही. पण संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहेत, आणि १४४१६ या ‘टेली-मानस’ नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतून मोफत बोलता येते. देवाला जायचेच असेल तर गोळ्या चालू ठेवून खुशाल जावे. कोणताही समंजस डॉक्टर त्याला आडकाठी करणार नाही.