तीन रात्रींचे भाडे, दोन दिवसांचा कालवा

शुक्रवारी दुपारी चार वाजता आत राहायची सोय असलेली भाड्याची नाव ताब्यात द्यायची, सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ती परत मागायची आणि याला तीन रात्रींची सुट्टी म्हणून विकायचे, ही इंग्लंडच्या कालव्यांवर राजरोस चाललेली फसवणूक आहे. ती कायद्यात बसते म्हणून तिला फसवणूक म्हणू नये, हे मला अजिबात मान्य नाही. शुक्रवारच्या चारपासून सोमवारच्या नऊपर्यंत 65 तास होतात. भाड्याची नाव अंधारात चालवायची नाही, अशी अट करारात असते आणि ती योग्यच आहे. पण ऑक्टोबरच्या मध्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शुक्रवारची संध्याकाळ कागदपत्रांवर सह्या करण्यात, सामान लावण्यात आणि घाईघाईच्या शिकवणीत संपते. सोमवारी सकाळी नऊला बोटयार्डात हजर व्हायचे, तर रविवारी संध्याकाळीच जवळपास येऊन नाव बांधावी लागते. राहिले काय? शनिवारी जायचे आणि रविवारी परत यायचे. दोनच दिवस, आणि त्यांतलाही एक माघारीचा.

दोन दिवस तर दोन दिवस, असे ज्याला वाटते त्याने कालव्यावरचा हिशेब कधी मांडलेला नाही. कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी 4 मैलांची आहे आणि काठाला बांधलेल्या नावांजवळून त्याहूनही कितीतरी हळू जावे लागते, कारण लाटेने त्यांच्या खुंट्या उपटून येतात. नाव चालवणारे जुने लोक मैल आणि लॉक (पाण्याची पातळी बदलून नाव वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद) यांची बेरीज करून तिला तीनने भागतात आणि जे उत्तर येते तेवढे तास धरतात. आम्ही गेलो त्या केनेट अँड एव्हन कालव्यावर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपासून बाथ शहराच्या पहिल्या लॉकपर्यंत नऊ मैलांत एकही लॉक नाही आणि पुढे एव्हन नदीत उतरायला सहा लॉक आहेत; म्हणजे नियमाने पाच तास झाले. प्रत्यक्षात त्या नऊ मैलांत काठाला इतक्या नावा बांधलेल्या असतात आणि त्यांतल्या इतक्या नावांत माणसे कायमची राहतात, की इंजिन जेमतेम चालू ठेवून रांगतच जावे लागते. आम्हाला बोटयार्डाने दिलेल्या छापील कागदावर मात्र याच वाटेसाठी साडेतीन तास लिहिलेले होते. ज्यांचा सगळा धंदा या पाण्यावर चालतो, त्यांना खरे तास ठाऊक नसतील यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. त्यांना ते ठाऊक असतात आणि ते मुद्दाम छापले जात नाहीत, कारण खरे तास छापले तर सहल किती तोकडी आहे हे पैसे भरण्याआधीच कळेल.

शिवाय नाव वाटेल तिथे वळत नाही, हे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला आधी कोणी सांगत नाही. साठ फुटांची नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद असते. ती कालव्यात उलट फिरवायची, तर काठ आत कापून केलेल्या ठरावीक जागीच ती वळते आणि अशी पुढची जागा कधीकधी काही मैलांवर असते. रविवारी संध्याकाळपर्यंत परत यायचे बंधन डोक्यावर असल्यामुळे शनिवारी दुपारपासून मनात एकच प्रश्न घोळत राहतो: इथे वळायचे, की पुढच्या जागेपर्यंत जाऊन उद्याचा अर्धा दिवस धोक्यात घालायचा? सुट्टीतला प्रत्येक निर्णय त्या सोमवारच्या नऊच्या काट्याला बांधलेला असतो.

माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांनी आयुष्यभर कालवे, जलसेतू आणि दरवाजे यांच्याच मोजमापात दिवस काढले आणि साताऱ्याहून ते आणि आई आमच्याकडे रेडिंगला आले, तेव्हा त्यांना राजवाड्यांपेक्षा हे काम पाहायचे होते. केनेट अँड एव्हन आमच्याच गावातून निघून ब्रिस्टलकडे जातो. जॉन रेनी या अभियंत्याने आखलेला हा कालवा 1810 मध्ये पूर्ण झाला. बाथच्या अलीकडे एव्हन नदीवरून पाणी पलीकडे नेणारे ॲव्हनक्लिफ आणि डंडास हे दोन दगडी जलसेतू आहेत आणि त्यांच्या पुढे क्लॅव्हर्टनचे पंपघर आहे, जिथे 1813 पासून नदीच्याच प्रवाहावर चालणाऱ्या पाणचक्कीने नदीचे पाणी सुमारे 48 फूट वर कालव्यात चढवले जात असे. पाटबंधाऱ्यात हयात घालवलेल्या माणसाला यापेक्षा मोठी मेजवानी कुठली? डंडासच्या सेतूवर नाव काटकोनात वळवावी लागते, समोरून दुसरी नाव येत होती, मागे आणखी एक खोळंबली होती आणि बाबा कठड्याचे दगड न्याहाळत म्हणत होते, “थांब ना रे पाच मिनिटं.” मी म्हणालो, “नको बाबा, उजेड जाईल.” क्लॅव्हर्टनच्या धक्क्याजवळून आम्ही न थांबता पुढे गेलो. परत येताना थांबू, असे मी म्हणालो खरे, पण परत येताना रविवार होता आणि रविवारी थांबायला वेळ नसतो. या एका गोष्टीचा मला जितका राग आहे, तितका पैशांचाही नाही.

पैशांचेही सांगितलेच पाहिजे. तीन रात्रींचे भाडे आठवड्याच्या भाड्याच्या निम्म्याहून बरेच वर असते. त्यावर डिझेल वेगळे, नुकसानीच्या अनामतीऐवजी भरायची परत न मिळणारी रक्कम वेगळी, मोटार उभी करण्याचे काही ठिकाणी वेगळे. ज्याला कामावरून आठवड्याची रजा मिळत नाही, ज्याच्या मुलांची शाळा आहे, ज्याला एवढेच परवडते, तोच माणूस प्रत्येक रात्रीमागे सर्वांत जास्त पैसे मोजतो आणि त्या बदल्यात त्याला सर्वांत कमी कालवा मिळतो. कारण सरळ आहे. सोमवारी नऊला एक कुटुंब उतरते आणि त्याच दिवशी दुपारी दुसरे चढते. मधल्या सात तासांत शौचालयाची टाकी उपसणे, पाणी आणि डिझेल भरणे, चादरी बदलणे, इंजिन तपासणे, सगळे उरकायचे असते. ही मेहनत मोठी आहे आणि ती करणाऱ्या माणसांवर माझा काडीचाही राग नाही. राग आहे तो एकही दिवस नाव रिकामी राहू नये म्हणून सगळी घाई गिऱ्हाइकाच्या वाट्याला ढकलणाऱ्या मालकांवर.

या घाईत सर्वांत आधी बळी जाते ती शिकवणी, आणि इथे प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. ब्रिटनमध्ये भाड्याची नॅरोबोट चालवायला कोणताही परवाना लागत नाही. पंधरा टनांच्या वर वजनाची, ब्रेक नसलेली पोलादी नाव, जिचा टिलर (सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की ती उजवीकडे जाते, ती अशा माणसाच्या हाती दिली जाते ज्याने आयुष्यात वल्हेही धरलेले नाही. याला माझा विरोध नाही, कारण नीट शिकवले तर कोणीही शिकते. पण नीट शिकवायला वेळ लागतो आणि शुक्रवारी दुपारी धक्क्यावर चार कुटुंबे एका माणसाभोवती उभी असतात. आम्हाला लॉक कसा चालवायचा हे एका चित्रफितीत दाखवले गेले. लॉकच्या वरच्या दरवाज्याखाली सिल नावाचा दगडी उंबरठा पाण्यात दडलेला असतो आणि त्याची जागा भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेली असते. खाली उतरताना नावेचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढे ठेवला नाही, तर पाणी उतरू लागल्यावर मागचा भाग उंबरठ्यावर अडकून राहतो, पुढचा भाग खाली जातो आणि पाहता पाहता नाव पाण्याने भरून बुडू शकते. अशा वेळी पहिल्यांदा काय करायचे, तर ताबडतोब पॅडल, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, बंद करून पाणी उतरायचे थांबवायचे. हे वाक्य प्रत्येक कुटुंबातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून, हातात विंडलास (त्या झडपा फिरवायची किल्ली) देऊन, खऱ्या लॉकवर उभे करून म्हणून घेतले पाहिजे. आमच्या वेळी ते त्या माणसाने चालता चालता सांगितले, तेव्हा आई आत सामान लावत होती आणि मी सह्या करत होतो.

मग शनिवारी हीच न शिकवलेली माणसे वेळ गाठण्यासाठी इंजिन रेटतात. बांधलेल्या नावांमधली कपाटे हलतात, चहाचे कप पडतात, माणसे बाहेर येऊन ओरडतात, आणि ती अगदी बरोबर ओरडतात. एका बाईंनी आम्हालाही चांगलेच सुनावले. त्यांचे घर मी हलवले होते, माझ्याकडे उत्तर नव्हते. पण त्यांचा आणि माझा तो कडवा क्षण ज्याने आखला, तो कालव्यावर कुठेच नव्हता; तो कार्यालयात बसून पुढच्या शुक्रवारची आरक्षणे घेत होता. भाड्याच्या नावांचे लोक उद्धट असतात, बेफाम चालवतात, लॉकचे दरवाजे उघडे टाकून जातात, अशी तक्रार काठावरची मंडळी वर्षानुवर्षे करत आली आहेत. आमच्यासारख्यांना हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण अर्ध्या तरी त्या वेळापत्रकाला द्या.

हा कालवा अशा वागणुकीसाठी वाचवलेला नाही, हे लक्षात घेतले की राग आणखी वाढतो. रेल्वेने याचा धंदा केव्हाच खाल्ला होता आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याचे लॉक कुजून गेले होते, कित्येक ठिकाणी तळ कोरडा पडला होता. सामान्य माणसांनी सुट्टीच्या दिवशी गाळात उतरून, पैसे गोळा करून, दशकानुदशके खपून तो पुन्हा वाहता केला आणि 1990 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला. डेव्हायझेसजवळ केन हिलच्या उतारावर एकाखाली एक सलग सोळा लॉक आहेत आणि सगळी रांग धरली तर 29 होतात. ती रांग पाहायला जायचे तर छोट्या सहलीत ते बसतच नाही. गेलात तर तो दिवस तिथेच संपतो. म्हणजे या कालव्यावरचे सर्वांत अचाट काम तीन रात्रींचे भाडे भरणाऱ्याला नावेतून पाहताच येत नाही. जाहिरातीत छायाचित्र मात्र त्याचेच.

आणि पाणी नसेल तर? किंवा जास्त असेल तर? 2025 चा वसंत इंग्लंडमध्ये शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा होता, जलाशय उतरले आणि त्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूलसह कित्येक कालव्यांचे मोठे टप्पे नावांना बंद करावे लागले. याउलट पावसाळी दिवसांत एव्हन किंवा टेम्स चढली की नदीवरची वाहतूक थांबते. टेम्सच्या लॉकवर लाल पाट्या लागतात. यात दोष कोणाचाच नाही. पण अशा वेळी पर्यायी मार्ग देऊ, पैसे परत मिळणार नाहीत, हे ठरलेले उत्तर आठवडाभर निघालेल्याला एक वेळ चालेल. दोन दिवसांच्या सहलीत एक लॉक बंद निघाला तर पर्याय उरतो कुठे? त्याच चार मैलांत खाली-वर करत बसायचे आणि पूर्ण भाडे मोजायचे.

सोमवारी सकाळी आम्ही नऊच्या आधी पोचलो. पोचलो, कारण बाबा आणि मी उजाडण्याआधी उठून फरशी पुसत होतो आणि आई ओल्या चादरी घडी करत होती. बोटयार्डातल्या माणसाने नावेभोवती एक फेरी मारली, डिझेलचा हिशेब केला आणि कडेला पडलेल्या एका ओरखड्यासाठी पैसे कापले. तो ओरखडा आम्ही पाडला की आधीचा होता, हे ठरवायला शुक्रवारी नाव दिवसाउजेडी नीट पाहून घ्यायला हवी होती आणि शुक्रवारी कोणालाच वेळ नव्हता. मी नंतर सविस्तर पत्र लिहिले. उत्तरात अटींचे पान जोडलेले होते आणि खाली पुढच्या हंगामासाठी सवलत देऊ केली होती.

मला सवलत नको. मला जाहिरातीत रात्रींच्या आकड्याशेजारी, त्या त्या महिन्यात उजेडात नाव चालवता येईल असे तास छापलेले हवे आहेत. वाटेतल्या नावांच्या रांगा धरून काढलेले खरे तास हवे आहेत. नाव सकाळी मिळायला हवी, किंवा परत करायची वेळ संध्याकाळची हवी, आणि त्यासाठी एक दिवस ती रिकामी राहिली तर त्याचा खर्च मालकाने आपल्या नफ्यातून सोसावा. पहिला लॉक शिकवणाऱ्या माणसाच्या सोबत, प्रत्यक्ष पाण्यात, पार व्हायला हवा. यांतले काहीच जमत नसेल, तर तीन रात्रींची सहल विकणे बंद करा आणि दोन दिवसांची सहल म्हणून दोन दिवसांचे पैसे घ्या.